गळ्यावरची रेघ

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. मराठी पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात, इंग्रजीत थायरॉईड, आणि उर्दूत ‘गुद्दा-ए-दरकिया’. दरका म्हणजे ढाल. आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. हे नाव कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत आलो. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, म्हणून आयोडीनचं मीठ खावं, एवढं सांगितलं की धडा संपायचा. या ग्रंथीचा कॅन्सर लहान मुलांनाही होतो, हे धड्यात नव्हतं.

आमच्या सातवीतल्या एका मुलीला तो झाला. गळ्यावर बोराएवढी गाठ. दुखत नव्हती आणि ओढणीखाली दिसतही नव्हती. मोहल्ल्यात कुणी गलगंड म्हणालं, कुणी नजर लागली म्हणालं, तावीज बांधून झाला. शेवटी शाळेतल्या आपांनी तिच्या अम्मीला समजावलं आणि अब्बा तिला मुंबईला घेऊन गेले. सुईनं तपासणी झाली, मग ऑपरेशन. सगळी ग्रंथी काढावी लागली. मुलांमध्ये हा रोग बऱ्याचदा मानेतल्या गाठींपर्यंत पसरलेला सापडतो, तरी बहुतेक मुलं बरी होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. फक्त रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. रमजानात ती गोळी सहरीच्या आधी घ्यायची, हेही तिनं डॉक्टरांना विचारून घेतलं. बायकांना मात्र वेगळीच काळजी. गळ्यावर रेघ राहिली, आता लग्न कसं व्हायचं? मुलगी वाचली याचा शुक्र करायचा सोडून!

तिची अम्मी शाळेत आली तेव्हा एकच विचारत होती, “सर, हमने इसे क्या गलत खिलाया?”

बहुतेक मुलांत कारण सापडत नाही, तुमचा काही दोष नाही, असं आम्ही सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. आमचंही झालं नाही म्हणून वाचत गेलो, आणि चेर्नोबिलपाशी येऊन थांबलो. तिथं कारण सापडलं होतं आणि ते खरोखरच खाण्यापिण्यात होतं.

२६ एप्रिल १९८६ च्या रात्री युक्रेनमधल्या त्या अणुवीज केंद्राची चौथी अणुभट्टी फुटली. वाऱ्याबरोबर किरणोत्सारी आयोडीन-१३१ पसरलं, शेजारच्या बेलारूसमध्ये गोमेलच्या बाजूला तर फार. ते गवतावर पडलं, गवत गाईनं खाल्लं, गाईचं दूध मुलांनी प्यायलं. ग्रंथीला आयोडीन हवंच असतं; ते साधं की किरणोत्सारी, हे तिला ओळखता येत नाही. त्या भागातल्या अन्नात आयोडीन मुळातच कमी, त्यामुळे तिनं ते जास्तच ओढून घेतलं. मुलांची ग्रंथी लहान आणि दूध पिणं मोठ्यांपेक्षा जास्त. म्हणजे पोराला पेला भरून दूध देणाऱ्या आईच्या हातून हे घडलं, आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सोव्हिएत सरकारनं अपघाताची पहिली बातमी दिली ती २८ तारखेच्या संध्याकाळी, तीही चार ओळींची. १ मे रोजी कीव्हमध्ये मिरवणूक निघाली, तिच्यात मुलंही होती.

१९९२ साली बेलारूसच्या डॉक्टरांनी ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलं, की मुलांमध्ये थायरॉईडचा कॅन्सर एकदम वाढला आहे. बाहेरच्या अनेक तज्ज्ञांना ते पटेना. इतक्या लवकर कसा होईल, म्हणाले. पुढे २००५ पर्यंत, अपघाताच्या वेळी लहान असलेल्यांमध्ये ६,००० हून जास्त रुग्ण मोजले गेले. त्यांतले बहुतेक जगले. मृत्यू १५ झाले. ऑपरेशनच्या त्या व्रणाला लोक ‘चेर्नोबिलचा हार’ म्हणू लागले. ती मुलं आज चाळिशीत आहेत. ग्रंथी काढलेल्यांची सकाळची गोळी चालूच असेल.

पोलंडनं मॉस्कोच्या खुलाशाची वाट पाहिली नाही. आपल्याच हवेत किरणोत्सार मोजला आणि २९ एप्रिलपासून मुलांना आयोडीनचं औषध पाजायला सुरुवात केली. सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना ते मिळालं. ग्रंथी साध्या आयोडीननं आधीच भरली की विषारी आयोडीनला जागा राहत नाही. पोलंडमध्ये किरणोत्सार कमी पोहोचला होता, हे खरं. पण औषध साधं होतं आणि स्वस्त होतं.

गेल्या वर्षी हा विषय आम्ही वर्गात घेतला. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, एवढं सांगून हिशेब मुलांवर सोडला. ती मुलगी आता दहावीत आहे. तिनं वहीत दहा वेळा निम्मं केलं आणि उभी राहून म्हणाली, “सर, ऐंशी दिवसांत हजारावा हिस्साही उरत नाही. मग त्या दुधाची पावडर करून तीन महिने ठेवली असती तर?”

चाललं असतं, आम्ही म्हणालो. आयोडीनपुरतं तरी चाललं असतं.