तलावाकाठची विज्ञानपुस्तकं

चोरखमाऱ्याला आलो की पिशवीत कपड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त असतात. इथून नागझिऱ्याचं रान सुरू होतं, आणि या रानाचं मराठी वाचकाशी जुनं नातं आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आणि किरण पुरंदरेंचं ‘सखा नागझिरा’ मी विज्ञानाचीच पुस्तकं मानतो. सूत्रं नसली म्हणून काय झालं? दिवसेंदिवस एकाच जागी राहून पाहायचं आणि पाहिलं तेवढंच लिहायचं, ही शिस्त विज्ञानाचीच.

मारुती चितमपल्लींचं ‘पक्षी जाय दिगंतरा’ मात्र सर्वांत आधी हातात घ्यावं. वनाधिकारी म्हणून ते नवेगावबांधला राहिले आणि तिथल्या रानात फिरणाऱ्या माणसांकडून मनापासून शिकले. अशा वाचनाचा उपयोग आज सकाळीच झाला: इथल्या तलावात कमळपक्षी दिसला. लांबच लांब बोटं पसरून पाण्यावरच्या पानांवरून तो आरामात चालत होता. या पक्ष्यांत अंडी उबवतो नर. मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते. हे आधी वाचलेलं होतं, म्हणूनच मी तिथे तासभर थांबलो.

रात्रीसाठी जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’. इथल्या अंधारात व्याधाचा तारा लखलखीत दिसतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे 8.6 वर्षं लागतात. दहावीतल्या मुलाला आज दिसणारा किरण निघाला, तेव्हा तो पहिली-दुसरीत होता! नारळीकर अवघड गोष्ट सोपी करतात, पण पातळ करत नाहीत. गावोगावच्या शाळांतल्या कपाटात हे पुस्तक हवंच, आणि त्या कपाटाला कुलूप नको.