चारही टायर एकाच मापाचे

बडोद्यात आता ‘टर्बो’ हा शब्द कुणालाच नवा राहिलेला नाही. आमच्याच कुटुंबात गेल्या तीन वर्षांत तीन टर्बो-पेट्रोल गाड्या आल्या. त्यामुळे इथे कोलोराडोत बसलेल्या मला महिन्याला एखादा तरी फोन येतो. ‘दादा, तुझ्याकडे तर खरी स्पोर्ट्स गाडी आहे, सांग ना काय करायचं.’ आत्तेभावाची अपेक्षा असते की मी काहीतरी चमचमीत सांगेन, कुठला एक्झॉस्ट लावू, पॉवर कशी वाढवू वगैरे. मी विचारतो, ‘तेल शेवटचं कधी बदललंस?’ आणि संभाषण थंड पडतं. म्हटलं, मंडळाच्या अंकातच एकदा सगळं लिहून टाकावं.

माझी गाडी २०१७ची सुबारू डब्ल्यूआरएक्स. भारतात मिळत नाही. दिसायला चार दारांची साधी सेदान, बॉनेटवर हवेसाठी एक खिडकी तेवढी वेगळी. आत दोन लिटरचं टर्बो इंजिन, २६८ हॉर्सपॉवर, सहा गिअर, आणि ताकद कायम चारही चाकांना. सेकंडहँड घेतली तेव्हा ३१,००० मैल झाले होते, आता ५७,००० झालेत. हौसेने घेतली हे खरं. पण डेन्व्हर शहरच समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंच आहे, आणि पश्चिमेला जाणारा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३,४०० मीटरवर पोचतो. तिथल्या विरळ हवेत साधं इंजिन धापा टाकतं. टर्बो हवा दाबून आत घालतो, म्हणून त्याला चढ जड जात नाही.

माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे आणि आठवड्यातले दोन दिवस त्या बोगद्यापलीकडच्या एका गावात कामाला जाते. आमच्याकडे गाडी ही एकच. जानेवारीत पहाटे साडेपाचला, उणे पंधरा तापमानात ती निघते तेव्हा गाडीची देखभाल हा माझा छंद राहत नाही.

तर टायरची गोष्ट. मागच्या जानेवारीत एका टायरच्या बाजूच्या भिंतीत स्क्रू घुसला. मधल्या पट्ट्यात घुसला असता तर पंक्चर काढून चाललं असतं. बाजूच्या भिंतीला ठिगळ लावत नाहीत, टायर बदलावाच लागतो. दुकानातला मुलगा म्हणाला, एक नवीन टाकतो, अर्ध्या तासात घेऊन जा. मी खोलीमापक घेऊनच गेलो होतो (दहा डॉलरपेक्षा कमी किमतीची वस्तू आहे, प्रत्येकाने ठेवावी). उरलेल्या तीन टायरांच्या नक्षीची खोली ५ मिलिमीटर भरली. नवीन टायरची ८.

तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण हा फरक त्रिज्येत आहे. परिघात तो जवळपास १९ मिलिमीटर होतो, आणि सुबारूची मर्यादा आहे पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटर. माझ्या चाकाचा परीघ साधारण दोन मीटर. म्हणजे झिजलेलं चाक दर किलोमीटरला नव्यापेक्षा चार-पाच फेरे जास्त घेणार. पुढच्याच दोन चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मागच्या चाकांचं असं थोडं पुढे-मागे झालं तर कुणाला कळतही नाही. इथे मात्र पुढचा आणि मागचा आस मधल्या डिफरेन्शियलने जोडलेले असतात. त्यात घट्ट द्रव भरलेली एक डबी असते. पुढची-मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरू लागली की तो द्रव विरोध करतो आणि ताकद पकड असलेल्या चाकांकडे जाते. बर्फावर क्षणभर असं झालं तर तेच त्याचं काम. पण टायरच वेगळ्या मापाचे असतील तर सरळ, कोरड्या रस्त्यावरसुद्धा ते काम थांबतच नाही. डबी तापत राहते आणि शेवटी निकामी होते. तो खर्च टायरच्या कितीतरी पट.

मी गाडीच्या पुस्तकातलं पान काढून दुकानाच्या काउंटरवर ठेवलं. मुलाने वाचलं आणि म्हणाला, ‘हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.’ त्याचा राग आला नाही. दिवसाला शंभर गाड्या बघणाऱ्याला प्रत्येक गाडीचं पुस्तक पाठ असणार नाही, ते मालकानेच वाचायचं.

मधला मार्गही असतो. नवीन टायर यंत्रावर तासून जुन्यांच्या मापाला आणून देणारे आहेत. उन्हाळा असता तर मी तेच केलं असतं. पण कोलोराडोचा कायदा असा की सप्टेंबर ते मे या महिन्यांत डोंगरातल्या त्या महामार्गावर ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीलासुद्धा नक्षीची खोली किमान ३/१६ इंच, म्हणजे ४.८ मिलिमीटर लागते. माझे तीन टायर त्या रेषेवर येऊन उभे होते. चांगला टायर तासून त्याच रेषेवर आणायचा आणि बायकोला घाटात पाठवायचं, हे मला जमलं नसतं. चारही नवीन घेतले. बसवण्यासकट साडेआठशे डॉलर गेले.

बाबांना हे आजही पटलेलं नाही. त्यांनी बडोद्यात बजाज चेतक बावीस वर्षं चालवली. पुढचं, मागचं आणि स्टेपनी अशी तिन्ही चाकं एकसारखी, आलटून पालटून वापरून शेवटच्या दोऱ्यापर्यंत पुरवायची. ‘एकासाठी तीन फेकलेस?’ हा प्रश्न फोनवर मला तीनदा आला. पण आलटून पालटून वापरायची त्यांची सवय मात्र मी तशीच उचलली आहे. दर ६,००० मैलांना चाकांच्या जागा बदलतो, म्हणजे चारही सारखी झिजतात.

आता तेल, कारण हे तुमच्या गाडीलाही लागू आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. त्याच्या एका टोकाला आठ-नऊशे अंश तापलेला धूर येतो, आणि दांडा फिरतो तो तेलाच्या पातळ थरावर. हे तेल वेगळं नाही, इंजिनातलंच. ते जुनं झालं, जळून चिकट झालं की पहिला बळी टर्बोचा. माझ्या गाडीला ५डब्ल्यू-३० सिंथेटिक, सुमारे ५.१ लिटर लागतं. पुस्तक म्हणतं ६,००० मैल किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. मी ४,००० मैलांवर बदलतो. फिल्टर इंजिनाच्या माथ्यावरच आहे, हात काळे न करता निघतो. ज्याने तो तिथे ठेवला त्याचं भलं होवो. शिवाय दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना तेलाची पट्टी काढून बघतो. ही इंजिनं थोडं तेल पितात, आणि कमी झाल्याचा दिवा लागेपर्यंत थांबणं मला मान्य नाही.

बडोदेकरांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. न्यायमंदिर ते मांडवी असं जेमतेम अंतर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, म्हणजे गाडीला आराम नव्हे. तेल नीट तापतच नाही, त्यात उतरलेलं पेट्रोल आणि ओल तशीच राहते. वर आपली धूळ आणि मे महिना. गाडीचं पुस्तक ज्याला ‘कठीण वापर’ म्हणतं तो आपला रोजचा वापर आहे. त्या तक्त्यातली मुदत पाळा, मोठ्या अक्षरातली नको.

चालवण्याचंही थोडं आहे. सकाळी गाडी सुरू करून पहिली काही मिनिटं अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवायचा. पाण्याचा काटा वर आला तरी तेलाला तापायला आणखी वेळ लागतो. घाट चढून किंवा हायवेवर पळवून आल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश यायचं. तसं केलं की पार्किंगमध्ये इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून उभं राहण्याची गरज नाही.

पेट्रोलच्या बाबतीत मी कंजुषी करत नाही. इथे पंपावर साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं, माझ्या इंजिनाला ९१ लागतं. टर्बोच्या दाबाखाली हलकं पेट्रोल वेळेआधीच पेट घेतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. इंजिनाचा संगणक प्रज्वलन मागे घेऊन सांभाळतो खरा, पण मग पैसे मोजून घेतलेली ताकदही जाते.

बाकीचं भराभर. गिअरबॉक्स आणि पुढच्या डिफरेन्शियलचं तेल एकच, मागच्याचं वेगळं, दोन्ही ७५डब्ल्यू-९०. मागचं स्वतः बदलणार असाल तर आधी भरायचा बोल्ट सैल होतो का बघा, मगच रिकामा करायचा उघडा. वरचा अडकला आणि खालून सगळं वाहून गेलं तर गाडी आहे तिथेच राहील. ब्रेकचं तेल ३०,००० मैलांना किंवा अडीच वर्षांनी. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि लांब उतारावर ते पाणी उकळलं की पेडल मऊ पडतं. त्या बोगद्यातून खाली येणारा रस्ता मैलोन्‌मैल उतरतो, म्हणून हे काम मी एकदाही पुढे ढकललेलं नाही. आणि पॉवर वाढवायचं सॉफ्टवेअर? मी रोज सॉफ्टवेअरच लिहितो, म्हणून हक्काने सांगतो : घाई करू नका. ज्याच्या तेलाची तारीख कुठे लिहिलेली नाही त्याने तर नकोच.

६०,००० मैलांना स्पार्क प्लग बदलायचे आहेत. या इंजिनाचे सिलिंडर आडवे झोपलेले, त्यामुळे प्लग दोन्ही बाजूंना, हेड आणि चॅसिसच्या मधल्या चिंचोळ्या फटीत. बॅटरी आणि एअर फिल्टरची पेटी काढल्याशिवाय हातच पोचत नाही. प्लग मागवून ठेवलेत. बर्फ ओसरला की एक अख्खा शनिवार त्यात जाईल. त्या दिवशी कृपया कुणी फोन करू नये.