चाळीस हातांची विहीर

आमच्या शाळेत स्मार्ट बोर्ड आला, तेव्हा पहिलं वर्षभर त्याच्यावर आम्ही धडेच दाखवले. फळ्याऐवजी पडदा, एवढाच फरक. पोरं टक लावून बघायची आणि काही विचारायची नाहीत. पोरांनी स्वतः करून शिकायची, ती शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकची १९१८ सालची प्रकल्प पद्धत मी बी.एड.ला पाठ केली होती, तीही परीक्षेपुरती. बाकी प्रकल्प म्हणजे दुकानातून आणलेली चित्रं चिकटवलेली वही. आमचं यावलही त्याला अपवाद नाही.

एकदा नववीच्या वर्गाला विचारलं, तुमच्या विहिरीला आजोबांच्या काळात पाणी किती खोलीवर होतं? केळीच्या पट्ट्यातली पोरं ही. बोअर किती फूट गेली ते तोंडपाठ, विहिरीचं मात्र कुणालाच सांगता येईना. मग रविवारी दोरी, दगड आणि घरच्यांचा मोबाइल घेऊन निघाली. आटलेल्या विहिरींचे फोटो आले, म्हाताऱ्यांच्या आठवणी आल्या. सोमवारी सगळं एक्सेलमध्ये भरलं आणि बोर्डावर आलेख उमटला.

एका शिवारातल्या विहिरींचं जुनं पाणी ६० फुटांच्या आसपास, मधलीच एक ४० वर. पोरांनी लगेच कारण काढलं: शेजारून नाला जातो! मीही रंगात आलो. सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा, तिथं मुरणारं पाणी, तापीकाठचा गाळ, सगळं भूगोलाचं भांडार उघडलं. तास झकास रंगला.

दुसऱ्या दिवशी ती नोंद आणणारी मुलगी दाराशी घुटमळत होती. "सर, आजोबांना परत विचारलं. ते ४० हात म्हणाले होते. मी फूट लिहिलं."

हात म्हणजे दीड फूट. ४० हातांचे झाले ६० फूट. नाला गेला, माझं व्याख्यानही गेलं. वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरा.

वहीत हाच आकडा असता, तर मी लाल शाईत 'उत्तम' लिहून मोकळा झालो असतो. बोर्डावर तो शेजाऱ्यांपासून फटकून उभा राहिला, म्हणून तिला खुपला.

तिनंच मग तक्त्यात नवा रकाना घातला: 'मोजलं कशात?' आणखी सहा नोंदी शंकास्पद निघाल्या. एकीच्या पुढं तिनं लिहून ठेवलं होतं: 'आजीचा हात की आजोबांचा? विचारणे.'