खोडाळ्याचा धूर

कसाऱ्याच्या स्थानकावर आगगाडींतून उतरून विहीगांवच्या रस्त्यानें घाट चढूं लागलें म्हणजे थोड्या वेळानें प्रवासी खोडाळ्यास पोहोंचतो. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निराळा झाला. त्या जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यांतील हें गांव. हौशी प्रवासी जव्हारचा राजवाडा पाहतात, दाभोशाचा धबधबा पाहतात, आणि भाविक जवळच्या देवबांधच्या गणपतीस जातात. आमचें जाणें निराळ्या निमित्तानें झालें. आमचे एक जुने विद्यार्थी त्या बाजूच्या एका पाड्यावर शिक्षक आहेत. "गुरुजी, एकदां आमचा डोंगर पाहून जा," असें त्यांचें बोलावणें पुष्कळ दिवसांचें होतें. तें चैत्रांत साधलें.

चैत्रांत हा प्रदेश हिरवा नसतो. उतारावर जागोजाग काळे चौकोन दिसतात. हे राब. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर जमिनीवर रचून ते पेटवितात. तणाचें बीं जळतें, माती भुसभुशीत होते, राखेचें खत मिळतें. पुढें पावसाळ्यांत त्याच जागीं नागली, वरई आणि भात यांचीं रोपें तयार होतात. सायंकाळीं ह्या राबांचा धूर दरींत उतरून स्थिर राहिला, तेव्हां दूरच्या टेंकड्या निळ्या पाण्यांतील बेटांसारख्या दिसूं लागल्या. पावसाळ्यांत ओढे भरले म्हणजे कांहीं पाडे खरोखरच बेटें होतात, असें आमचे यजमान म्हणाले. देखावा मोठा रमणीय होता. आम्ही तो कौतुकानें पाहत उभे राहिलों, हें प्रथमच कबूल केलेलें बरें.

वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी हे येथील मूळचे रहिवासी. यजमानांच्या शेजारीं एका घरीं आम्हीं चहा घेतला. कारवीच्या काड्यांच्या भिंती, त्यांवर शेणामातीचा गिलावा, वर कौलें. खिडकी नव्हती. आंत एका बाजूस चूल, आणि तिच्यावर आढ्यास पुढील पेरणीचें बियाणें टांगलेलें. धुरानें बियाण्यास कीड लागत नाहीं, वासेहि टिकतात. धूर ह्या घराचा नोकर आहे, असें आमच्या मनांत आलें.

चुलीपाशीं एक वृद्धा फुंकणीनें विस्तव फुलवीत होती. दोन फुंका घातल्या कीं ती थांबे, जमिनीवर हात टेंके, आणि छातींत शीळ वाजल्यासारखा आवाज होई. आम्हीं विचारलें, "आजी, विडी ओढतां काय?" ती हंसून म्हणाली, "नाय गुरुजी, विडीला कधीं हात नाय लावला. ह्यो खोकला म्हातारपणाचा." बाहेर आल्यावर यजमानांनीं सांगितलें, "गुरुजी, ती पंचावन्न वर्षांची आहे." म्हणजे जिला आम्हीं आजी म्हटलें, ती आमच्या धाकट्या बहिणीएवढी!

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आम्ही संस्कृताचे शिक्षक. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांतील अनुमानाचा पाठ आम्हीं मुलांस कितीतरी वर्षें शिकविला. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि आहे, दृष्टान्त कशाचा? महानसाचा, म्हणजे स्वयंपाकघराचा. धुरावरून अग्नीचें अनुमान करावयास आम्ही शिकलों व शिकविलें. परंतु त्याच महानसांत, त्याच धुरांत, एक बाईहि बसलेली असते, आणि धुरावरून तिच्या छातीचेंहि अनुमान करतां येतें, हें आम्हांस कधीं सुचलें नाहीं.

वैद्यांस मात्र तें सुचलें होतें. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत श्वासरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत, आणि त्याच्या कारणांत धूळ व धूर यांचीं नांवें स्पष्ट आलीं आहेत. तमकश्वासाचा रोगी निजूं शकत नाहीं, बसल्यानें त्यास बरें वाटतें, आणि अभ्र व गारठा यांनीं त्याची पीडा वाढते, हेंहि तेथें आहे. ती बाई रात्रीं भिंतीस टेंकून बसते, असें यजमानांनीं सांगितलें होतें.

आजचें वैद्यकशास्त्र हेंच अधिक बारकाईनें सांगतें. लाकूड, काटक्या व गोवऱ्या जळतांना केसाच्या जाडीच्या सुमारें तिसाव्या हिश्शाहूनहि बारीक कण हवेंत मिसळतात. ते नाकांत अडत नाहींत; थेट फुप्फुसाच्या टोंकापर्यंत जातात. वर्षानुवर्षें असें झालें म्हणजे श्वासनलिका सुजून अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती फाटतात, आणि गेलेली शक्ति परत येत नाहीं. ह्या रोगास सी. ओ. पी. डी. म्हणतात. तो विडी-सिगारेट ओढणारांचा रोग, अशी समजूत फार दिवस होती. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत दाखवून दिलें कीं, तंबाखू ओढणारे जगांत सुमारें १०० कोटी, तर लाकूड-गोवऱ्यांच्या धुरांत राहणारे सुमारें ३०० कोटी आहेत. घरांतील धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

डोंगरांतील माणसाच्या वांट्यास याखेरीज आणखीहि कारणें येतात. आईच्या कुशींत चुलीपाशीं बसलेल्या तान्ह्या मुलास न्यूमोनिया लवकर गांठतो. कमी वजनाच्या मुलाचें फुप्फुस मुळांतच लहान वाढतें. क्षय बरा झाला तरी मागें व्रण ठेवतो. शिवाय दिवाळीनंतर येथील कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात. तेथें दिवसभर धूळ व भट्टीचा धूर. कोठेंहि जा, धूर पाठ सोडीत नाहीं.

मे २०१६ मध्यें उज्ज्वला योजना निघाली आणि गरीब घरांत गॅस पोहोंचला. त्या घरींहि शेगडी आम्हीं पाहिली. चहा मात्र चुलीवर झाला. "पाहुणा आला तर लावूं म्हटलं, पण टांकी संपली," असें ती ओशाळून म्हणाली. टांकी पुन्हां भरण्यास रोकड लागते, सरपणास केवळ पायपीट. आणि बाईच्या पायपिटीचा हिशेब कोण ठेवतो?

हें लिहितांना आम्ही त्या घरास नांवें ठेवीत नाहीं. आमच्या लहानपणीं आमच्याहि घरीं काळोख्या स्वयंपाकघरांत चूल होती. आई पहांटेपासून तिच्यापुढें बसे, पदरानें डोळे पुशी, आणि पुढें पुढें जिना चढतांना मध्येंच थांबे. आम्हीं त्यास वय म्हटलें. ती गेली तेव्हां साठीचीहि नव्हती. पुस्तकांतला धूर आम्हांस दिसला, घरांतला दिसला नाहीं.

उपाय अगदींच हाताबाहेर नाहींत. चुलीवरचीं दोन कौलें काढून तेथें धुराडें बसवावें; सरपण वाळवूनच जाळावें; नळीवाटे धूर बाहेर सोडणारी मगनचूल वर्ध्याच्या मगनवाडींत फार पूर्वींच तयार झाली आहे. तान्हें मूल चुलीपासून दूर ठेवावें. मुख्य म्हणजे खोकला महिना महिना हटत नसेल, तर त्यास म्हातारपण म्हणूं नये. थुंकी तपासून घ्यावी, आणि यंत्रांत फुंकून श्वासाची शक्ति मोजून घ्यावी.

निघण्याच्या दिवशीं यजमान त्या बाईस जव्हारच्या पतंगशहा रुग्णालयांत घेऊन जाण्यास आमच्याबरोबरच निघाले. एस. टी. वळणावर आली तेव्हां पाड्यावरील प्रत्येक कौलांतून निळसर धूर वर चढत होता. सोबतचा एक शहरी प्रवासी म्हणाला, "काय सुंदर देखावा!" आम्हीं शेजारीं पाहिलें. ती बाई खिडकीशीं तोंड नेऊन सावकाश श्वास घेत होती.