दहा-अकराचा पाना

हिंगोली,
विजयादशमीचा दुसरा दिवस

चि. ताईस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी ओसरीवर पाट मांडून हत्यारं पुसत बसलो होतो. खंडेनवमी होती. तू विचारलंस, "अण्णा, गाडीसाठी एकशे आठ नगांची टूलकिट दिवाळीच्या सवलतीत मिळतेय. घेऊ का?" मी "कळवतो" म्हणालो आणि फोन ठेवला. तुझी आई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभी होती आणि उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. काल रामलीला मैदानावर रावण जळाला, दसऱ्याच्या प्रदर्शनाची गर्दीही आज जरा ओसरली आहे, म्हणून निवांत लिहायला बसलो.

एकशे आठ हा आकडा जपमाळेला शोभतो. माझ्या पाटावर जेमतेम पंधरा नग होते, आणि त्यांवर आपली ‘मारुती आठशे’ बावीस वर्षं चालली. त्या पंधरांतला एक लोखंडी पाइपाचा तुकडा. त्याला कुंकू लावताना तुझी आई दरवर्षी विचारते, "ह्यालाबी?" मी म्हणतो, "ह्यालाच आधी." का, ते पुढं येईल.

आपली गाडी १९९७ साली जुनी म्हणूनच घेतली. तिच्या पाटीवर एमएच-२२ होतं, कारण तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि एमएच-३८ नंतर आलं. गावात जीप आणि ट्रॅक्टर उघडणारे हात पुष्कळ होते, मारुती उघडणारे मोजके. सुटा भाग हवा असेल तर नांदेडला निरोप द्यायचा आणि एसटीच्या पार्सलची वाट बघायची. मग मी शाळा सुटल्यावर एका म्हाताऱ्या उस्तादांच्या गॅरेजात जाऊन बसू लागलो. त्यांनी मला एकच धडा दिला, तो त्यांच्या दखनीत : "पहले पूछो, बाद में खोलो." आधी गाडीला विचार, मग नट सोड. हे वाक्य मला पटायला दहा वर्षं आणि बरेच पैसे लागले.

पहिली फजिती पान्याची. दसऱ्याच्या प्रदर्शनात एका पथारीवर चकचकीत पान्यांचा जुडगा स्वस्तात मिळाला. पहिल्याच आवळलेल्या नटावर पान्याचा जबडा फाकला आणि नटाचे सहाही कोपरे गोल झाले. तो नट काढायला शेवटी छिन्नी लागली. मऊ पोलादाचा पाना स्वतः वाकतो आणि जाताना नटही घेऊन जातो. त्यानंतर क्रोम-व्हॅनेडियमचे आठ पाने घेतले, सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंतचे. नाशिकच्या सातपूरला तापडियांचा कारखाना आहे, तिथले. ते अजून आहेत. त्यांतला दहा-अकराचा सर्वांत झिजलाय, कारण बॅटरीच्या क्लॅम्पपासून एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत जिथं तिथं दहाचाच नट.

या पान्याकडं नीट बघ. तो आखूड आहे, आणि ते मुद्दाम. दहाचं डोकं असलेला बोल्ट सहा मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला साधारण दहा न्यूटन-मीटर पीळ पुरतो, म्हणजे त्या आखूड पान्याच्या टोकाला सात-आठ किलोचा भार. मनगटानं आवळलं की झालं. पाना लांब असता तर आपण जोर लावला असता आणि बोल्ट तुटला असता. पाना बनवणाऱ्यानं आपल्या जोराला आधीच आवर घालून ठेवलाय. आवळलेला नट हलवताना मात्र रिंग पाना घे. तो सगळीकडून धरतो, फिक्स पाना दोनच बाजू धरतो. आणि पाना नेहमी आपल्याकडं ओढायचा. ढकललास तर नट सुटताच बोटांची सालटी निघतात. माझ्या उजव्या हातावरचे पांढरे डाग तू लहानपणी मोजायचीस, ते त्यातलेच.

दुसरी फजिती पेचकसाची. कार्बोरेटरचे स्क्रू मी फुलीच्या साध्या स्टार पेचकसानं सोडायला गेलो आणि तीन स्क्रूंची डोकी खराब केली. उस्तादांनी स्क्रूच्या माथ्यावरचा बारीक ठिपका दाखवला. तो जपानी मापाचा स्क्रू. आपल्याकडं मिळणारा स्टार पेचकस फिलिप्स घाटाचा. जोर वाढला की तो खाचेतून वर निसटतो. जपानी खाच दिसायला तशीच, पण तिच्यात बसणारं टोक वेगळं. गाडी सुझुकीच्या घराण्यातली, मग पेचकसही त्या घराण्यातला हवा. इतकी साधी गोष्ट मला तीन स्क्रू गमावून कळली.

तिसरी फजिती तुला आठवत असेल. तू तिसरीत होतीस. श्रावणी सोमवारी आपण औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघालो आणि वाटेत मागचं चाक बसलं. रात्रभर पाऊस झालेला. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि जॅक लावला. गाडी वर उचलली जाईना, जॅकच खाली चालला. काळ्या मातीनं तो गिळायला सुरुवात केली होती. त्यात चाकाचे नट पंक्चरवाल्यानं असे आवळलेले की मी व्हील पान्यावर उभा राहिलो तरी हलेनात. शेजारच्या रानातला एक शेतकरी काही न बोलता आला, आखाड्यावरून एक बाभळीची फळी आणि बोअरच्या पाइपाचा दोन फुटी तुकडा घेऊन. फळी जॅकखाली गेली, पाइप व्हील पान्याच्या दांड्यावर चढला. पान्याची लांबी दुप्पट झाली तशी ताकदही दुप्पट झाली, आणि नट कुरकुरत सुटले. निघताना मी पैसे काढले तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर, पाइप न्या, लागंल पुन्हा." पाटावर कुंकू लागतं ते त्या पाइपाला.

पण काही गोष्टी ध्यानात ठेव. पाइप सोडण्यासाठी, आवळण्यासाठी नाही. आणि नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, उचलल्यावर नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं कधी घालायचं नाही. खाली जायचंच असेल तर लोखंडी घोडी लाव. विटा रचू नकोस, वीट फुटताना आधी सांगत नाही.

आता माझ्या खऱ्या आवडीची हत्यारं. ती ना फिरवतात, ना ठोकतात. ती नुसती विचारतात.

पहिलं, हवेचा गेज. टायर लाथ मारून तपासणारे आपल्या गावात शेकड्यांनी आहेत. गेजला आकडा कळतो. सकाळी, गाडी चालवायच्या आधी बघायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डांबरावर दोन तास पळालेल्या टायरचा आकडा वाढलेलाच दिसणार, त्यावर विसंबून हवा काढू नकोस. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड लिहिलेलं असतं.

दुसरं, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा एक दिवा, दोन वायरी, टोकाला चिमटे, झालं हत्यार. घरातला टेस्टर गाडीला चालत नाही. तो घरच्या विजेसाठी आहे, बारा व्होल्टला त्याला जागच येत नाही. सोयाबीनची रास घरात पडली की उंदीर वाढतात आणि त्यांतले काही बॉनेटखाली मुक्काम करतात. एकदा सकाळी हेडलाइट गेले. गॅरेजवाले स्विच बदलायला निघाले होते. मी लॅम्प घेऊन वायरीमागं वायर तपासत गेलो, तर बॅटरीपासून हातभर अंतरावर वायर कुरतडलेली. काळी चिकटपट्टी एवढाच खर्च आला.

तिसरं, मल्टिमीटर. हा माझा लाडका, कारण तो मी सर्वांत महागात शिकलो. गाडी सकाळी सुरू होईना. एका दुकानदारानं बॅटरी गेली म्हणून सांगितलं, मी नवी घेतली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग मीटर लावला. गाडी बंद असताना बॅटरी बारा पूर्णांक सहा व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली. इंजिन चालू केल्यावर चौदाच्या आसपास, म्हणजे अल्टरनेटरही ठीक. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर ठेवलं, दुसरं त्याच खुंटीला धरणाऱ्या क्लॅम्पवर, आणि तुझ्या भावाला किल्ली फिरवायला सांगितली. दोन्ही चिकटलेली, तेव्हा आकडा शून्याच्या जवळ हवा. आला दोनच्या वर! खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये चुन्यासारखी पांढरी पूड बसली होती आणि वीज तिथंच अडत होती. कढत पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश, वर बोटभर व्हॅसलीन. जुनी बॅटरी भंगारात गेली ती चांगलीच होती. (क्लॅम्प सोडताना आधी ऋण बाजू, जोडताना ती शेवटी. नाहीतर धन बाजूचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर जी ठिणगी उडते ती विसरता येत नाही.)

म्हणजे बघ, पाने मी शिव्या देत शिकलो आणि मीटर पैसे देऊन. उस्ताद दोन्ही फुकट सांगत होते.

हे सगळं पुरुषांचं काम असं तुला गॅरेजात कोणी सुनावलं, तर त्याला बर्था बेंझ सांग. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार काढून दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो. इंधनाची नळी तुंबली तर तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीची वायर उघडी पडली तर मोज्याचा पट्टा गुंडाळला. लाकडी ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. इंधन घेतलं ते औषधांच्या दुकानातून. यांतल्या कशालाही टूलकिट लागली नाही. कुठं काय अडलंय हे मात्र तिला दर वेळी आधी कळत होतं.

तुझी गाडी आठशेसारखी नाही. तिला कार्बोरेटर नाही आणि फटी मोजणाऱ्या माझ्या फिलर गेजची पाती तिला बहुधा लागणारही नाहीत. तिचं बोलणं संगणकातून चालतं. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असेल. त्यात बसणारा छोटा स्कॅनर घे, तो फोनवर कोड दाखवतो. पी-०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये नीट ज्वलन होत नाही, एवढं कळतं. का होत नाही, ते कळत नाही. प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल. कोड म्हणजे दुखतंय त्या जागेवर ठेवलेलं बोट. निदान तुलाच करायचंय. कोड आला म्हणून तो भाग बदलून टाकणारे माझ्या त्या दुकानदाराचेच चुलतभाऊ समज.

आणि जिथं विचारूनही उत्तर कळत नाही, तिथं हात घालू नकोस. ब्रेकचं तेल, स्टिअरिंग, एसीचा गॅस, आणि पिवळ्या जोडण्यांच्या वायरी, कारण त्या एअरबॅगच्या असतात. तिथं पैसे देऊन मिस्त्रीकडं जावं. मीही जात असे.

तर उत्तर असं. संच घेऊ नकोस. आत्ता हवेचा गेज, मल्टिमीटर, स्कॅनर, रिंग पान्यांचे चार नग, ठिपक्याच्या स्क्रूला बसणारा एक पेचकस आणि एक पक्कड एवढंच घे. बाकीची हत्यारं एकेका फजितीसोबत येतील आणि त्यांचा उपयोग तू कधी विसरणार नाहीस. दहा-अकराचा पाना मी दिवाळीला तुझ्या भावाबरोबर पाठवतोय. कुंकू पुसू नकोस. फळी आणि पाइप मात्र तूच शोध.

तोवर एक कर. डिकी उघड, खालची चटई उचल, आणि स्टेपनी आहे का, तिच्यात हवा आहे का आणि व्हील पाना जागेवर आहे का, ते बघून कळव.

तुझे,
अण्णा