‘द अँबर स्पायग्लास’ संपवताना

रात्री उशिरा संपलं एकदाचं. फिलिप पुलमनच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’मधलं हे तिसरं पुस्तक, २००० सालचं. मुलांच्या पुस्तकाला व्हिटब्रेडचा ‘बुक ऑफ द इयर’ पुरस्कार पहिल्यांदा मिळाला तो यालाच.

ज्या युद्धाची इतकी वाट पाहिली, ते फारसं भिडलं नाही. एवढा गाजावाजा, आणि ज्याच्याविरुद्ध ते पुकारलं तो देव म्हणवणारा ‘ऑथॉरिटी’ निघतो थकलेला, जर्जर जीव. वाऱ्यासरशी विरून जातो. चाकांवर पळणाऱ्या मुलेफांची प्रकरणंही जरा लांबलीच.

पण मृतांचा प्रदेश! तिथल्या पहारेकरी हार्पींना नायिका लायरा नेहमीसारखी थाप मारते आणि त्या तिच्यावर तुटून पडतात. नंतर ती ऑक्सफर्डमधल्या पोरांच्या चिखलातल्या मारामाऱ्या सांगते, खऱ्याखुऱ्या, तेव्हा त्याच मुकाट ऐकत बसतात. मग करार होतो: आपल्या आयुष्याची खरी गोष्ट सांगेल, त्याला त्या बाहेरची वाट दाखवणार. इथे पुस्तक मिटून बराच वेळ बसले. माझ्याजवळ सांगण्याजोगं काय निघेल? हार्पींना कंटाळा येणार नाही असं?

शेवटची ताटातूट मात्र अजून पचलेली नाही. जगांमधल्या खिडक्या बंद करायच्या. एकच उघडी राहू शकते आणि ती मृतांना हवी. तर्क बिनचूक, म्हणून तर राग येतो. एकमेकांवर जीव जडलेल्या, पण वेगवेगळ्या जगांतल्या लायरा आणि विलच्या वाट्याला काय, तर वर्षातून एकदा, भर दुपारी, बोटॅनिक गार्डनमधल्या बाकावर आपापल्या जगात तासभर बसणं!

पुलमनच्याच २०१९च्या ‘द सीक्रेट कॉमनवेल्थ’मध्ये लायरा वीस वर्षांची आहे. ते एवढ्यात नको.