फरक कुणाला हवाय?

दोन फायली सारख्या आहेत का, हे सांगायला संगणकाला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. बाइटला बाइट भिडवायचा, कुठे बिनसलं की थांबायचं. माझ्या पोटापाण्याच्या कामात मात्र हा प्रश्न इतका सरळ कधी येत नाही. प्रकाशक विचारतो, "शेवटच्या प्रुफात लेखकानं नेमकं काय बदललं?" अभ्यासक विचारते, "या दोन आवृत्त्यांत पाठभेद कुठे आहेत?" पतपेढीचा कारकून विचारतो, "गेल्या वर्षीच्या यादीतलं कोण गळालं?" तिघांनाही फरकच हवा असतो, पण एकाला जो फरक वाटतो तो दुसऱ्याला कचरा वाटतो. या कामासाठी पायथॉन भाषेतली डिफलिब ही लायब्ररी मी रोज वापरतो. तुलनेचा प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे मुख्यतः कशाकडे काणाडोळा करायचा ते ठरवणं, असं माझं मत झालंय. आणि जे ठरवलं ते लिहून ठेवणं, ही लोक हमखास गाळतात ती पायरी.

या कामाचं मूळपीठ म्हणजे युनिक्सवरची डिफ ही आज्ञा. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७४च्या सुमारास ती तयार केली आणि जेम्स हंट यांच्याबरोबर त्यामागची रीत १९७६मध्ये लिहून काढली. दोन्ही फायलींत त्याच क्रमानं येणाऱ्या ओळींची सर्वांत लांब माळ शोधायची. माळेत न बसलेल्या ओळी म्हणजे फरक. १९८६मध्ये यूजीन मायर्स यांनी अधिक चपळ रीत मांडली, प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये आजही दुसरं काही सांगितलं नाही तर तीच चालते. या सगळ्याचं एकक ओळ आहे. प्रोग्रॅमच्या फायलीला ते शोभतं, कारण तिथे बहुतेक वेळा एका ओळीत एक आज्ञा असते. मराठी कादंबरीच्या फायलीत अख्खा परिच्छेद म्हणजे एक ओळ. त्यात एक स्वल्पविराम हलला की डिफ सांगतं, जुना परिच्छेद गेला, नवा आला. पडद्यावर वर लाल ढीग, खाली हिरवा ढीग, आणि संपादकानं त्यात स्वल्पविराम हुडकत बसायचं. त्यापेक्षा जुन्या छापखान्यातली रीत बरी होती. एकानं मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर पेन टेकवून ऐकायचं.

म्हणून आधी परिच्छेद जुळवायचे, जुळलेल्या परिच्छेदांत शब्द जुळवायचे आणि बदललेल्या शब्दात अक्षरं. इथवर सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे होतं. अक्षराशी आलं की देवनागरी आपला हिसका दाखवते.

'को' हे अक्षर घ्या. क आणि ओकाराची मात्रा, असे दोन युनिकोड वर्ण. पण जुन्या डीटीपी फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ते कधी कधी क, काना आणि वर सुटी मात्रा अशा तीन वर्णांचं निघतं, कारण जुन्या फॉन्टमध्ये ओकार असाच तुकड्यांनी जुळवलेला असायचा. पडद्यावर बहुधा फरक कळत नाही. यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द दिसतात आणि पानभर लाल रंग सांडतो. विसर्गाच्या जागी कोलन टाइप करणारे तर गल्लोगल्ली आहेत; 'अंतःकरण' डोळ्याला ठीक वाटतं, शोधायला गेलात तर सापडत नाही. ॲ हा स्वतंत्र वर्ण युनिकोडमध्ये २००८मध्ये आला. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कित्येक फायलींत तो अ आणि वर सुटी चंद्रकोर असा लिहिलेला असतो.

युनिकोडचं अधिकृत प्रमाणीकरण इथे थोडंच कामाला येतं. र आणि नुक्ता असा सुटा लिहिलेला ऱ ते एक करून देतं. पण वरच्या तिन्ही जोड्यांना ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते वर्ण समान नाहीतच. मराठीची ही यादी आपली आपणच करावी लागते.

सर्वांत नाजूक प्रकरण 'दुसऱ्या'मधल्या त्या र्‍याचं. तो दोन तऱ्हांनी लिहितात: ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडवर्ण देऊन. फायली साफ करण्याच्या उत्साहात कुणी सगळे अदृश्य वर्ण झाडून काढले, की दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेल्या शब्दात तो जोडवर्णही उडतो आणि र चा रफार होऊन या च्या डोक्यावर बसतो. इंटरनेटवर जागोजागी दिसणारं 'दुसर्या', 'पुणेर्या' हे प्रत्येक वेळी लिहिणाऱ्याचं अज्ञान असतं असं नाही. पुष्कळदा मधल्या एखाद्या प्रोग्रॅमची ती स्वच्छतेची हौस असते. त्यामुळे माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी दोन्ही तऱ्हांचा र्‍या एका तऱ्हेत आणायचा, मगच अदृश्य वर्णांना हात लावायचा. तोही मूळ फायलीत कधीच नाही. तुलनेसाठी वेगळी प्रत काढायची, तिला मी तुलनाप्रत म्हणतो. तिच्यातलं प्रत्येक अक्षर मूळ फायलीत कुठे होतं ते बरोबर नोंदवायचं. जुळवाजुळव तुलनाप्रतीवर होते, वाचणाऱ्यापुढे मूळ मजकूर ठेवायचा.

अक्षर म्हणजे काय, हे पायथॉनला विचारू नये. 'स्त्री'ची लांबी तो सहा सांगतो: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. त्याच्या हिशेबानं ते बरोबरच आहे. पण याच तुकड्यांवर तुलना चालवून बदललेल्या तुकड्याला रंग दिला, की मात्रा व्यंजनापासून सुटते आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर बसून एकटीच लाल दिसते. डिफलिबमधलं एनडिफ बदललेल्या जागेखाली खुणेची ओळ छापतं. मराठीत ती खूण दोन-तीन घरं पुढे सरकलेली असते, कारण हलन्त आणि मात्रा यांना पडद्यावर स्वतःचं घर नसतं. म्हणून मजकूर आधी अक्षरांत तोडून मग लायब्ररीच्या हाती द्यायचा. डिफलिबला अक्षरांची यादी दिली काय, शब्दांची दिली काय, सारखंच. हा तिचा मोठेपणा आणि तो फार कमी जण वापरतात.

या तोडण्यानं निकालच बदलतो. डिफलिबमधला सिक्वेन्समॅचर साम्याचं गुणोत्तर देतो: जुळलेल्या घटकांची दुप्पट, भागिले दोन्हीकडचे एकूण घटक. 'पाणी' आणि 'पानी' यांचे सुटे वर्ण घेतले तर प्रत्येकी चार, त्यांतले तीन जुळतात आणि उत्तर येतं ०.७५. अक्षरं घेतली तर 'पा' जुळलं, 'णी' आणि 'नी' नाही, उत्तर ०.५. जवळचे शब्द सुचवणाऱ्या फंक्शनची ठरीव मर्यादा ०.६ आहे. म्हणजे एका हिशेबात 'पानी' हा 'पाणी'चा भाऊबंद ठरतो आणि दुसऱ्यात परका.

सिक्वेन्समॅचरचं घराणं डिफपेक्षा वेगळं. रॅटक्लिफ आणि ओबरशेल्प यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या पद्धतीशी त्याचं जवळचं नातं आहे. आधी सर्वांत लांब सलग तुकडा शोधायचा, मग त्याच्या डावीउजवीकडे पुन्हा तेच. कमीत कमी बदल सापडतील अशी हमी ही पद्धत देत नाही, पण वाचणाऱ्याला पटेल असा निकाल बहुधा देते, आणि गद्यासाठी मला तीच आवडते. तिच्यात एक खोड मात्र आहे. दुसरी यादी दोनशे घटकांची किंवा मोठी असेल, तर त्यातले एक टक्क्याहून जास्त वेळा येणारे घटक ती आपणहून 'फार लोकप्रिय' म्हणून जुळवणीतून बाजूला ठेवते. प्रोग्रॅमच्या ओळींसाठी हे शहाणपणाचं आहे. मराठी परिच्छेदाचे सुटे वर्ण दिले तर काना, र, त, न, मोकळी जागा, सगळेच लोकप्रिय! मग उरलंसुरलं घेऊन ती जे उत्तर देते त्याला अर्थ नसतो, आणि चूक झाल्याचं कुठे छापूनही येत नाही. ऑटोजंक नावाची ती सोय बंद करता येते. मराठी मजकुरासाठी ती बंदच ठेवा.

आता तुकोबांची गाथा. इंदुप्रकाश छापखान्याची प्रत १८६९ आणि १८७३ अशी दोन भागांत निघाली, त्यानंतर कितीतरी आवृत्त्या आल्या. अभंगांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. सरळ डिफ चालवलं तर जागा बदललेला अभंग एकीकडे गेला आणि दुसरीकडे नव्यानं आला असं दिसतं, म्हणजे गाथेचा निम्मा भाग हरवला असं वाटावं. क्रमांकावर विसंबून चालत नाही. पहिल्या चरणावरून अभंग ओळखावा, तर पाठभेद पहिल्या चरणातही असतो. इथे साम्याचं गुणोत्तर उपयोगी पडतं: आधी अभंगाला अभंग गाठून द्यायचा, मग आतलं बघायचं.

आत पाहिलं की अनुस्वारांचा पाऊस. जुन्या छपाईत 'नाहीं', 'केलें'. १९६२च्या लेखननियमांनंतर हे अनुच्चारित अनुस्वार गेले. सामान्य वाचकासाठी पुस्तक काढणाऱ्याला हा फरक नको असतो. अभ्यासकाला हवा असतो, कारण 'तें' आणि 'ते' यांत लिंगवचनाचा फरक आहे. आणि आजच्या बोलीवळणाच्या गद्यात शब्दाअखेरचा अनुस्वार उच्चारातच असतो; 'घर' आणि 'घरं' एक धरून कसं चालेल? म्हणून मी फरक पुसत नाही, त्याला वर्ग लावतो: नुसता लेखनाचा, विरामचिन्हाचा, शब्दाचा, क्रमाचा. ज्याला जो वर्ग नको असेल त्यानं तो मिटून ठेवावा.

हे सगळं हातानं करणारी मंडळी आधी होऊन गेली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९मध्ये सुरू झालं आणि १९६६मध्ये पुरं झालं. पोथ्या ताडून बघायच्या तक्त्यांवर चौकोन आखलेले असत. वर श्लोक, खाली एकेका पोथीतला पाठ, अक्षराखाली अक्षर. एकक अक्षर हवं हे त्या मंडळींना कुणी शिकवावं लागलं नाही; छंदोबद्ध संस्कृतात दुसरं एकक घेऊन कामच झालं नसतं. या आवृत्तीचे संपादक सुकथनकर यांनी १९३३मध्ये आदिपर्वाला जी प्रस्तावना जोडली, तिच्यात पोथ्यांची प्रतवारी कशी लावली, पाठ कोणत्या कसोट्यांवर निवडले, हे सविस्तर मांडलंय. न निवडलेले पाठ पानाच्या तळाशी छापलेले आहेतच. पटलं नाही तर वाचकानं आपला पाठ आपण उचलावा.

पतपेढीच्या याद्या ताडण्यात मजकुराएवढी गंमत नाही. ओळींचा क्रम विसरायचा, सभासद क्रमांकावर दोन्हीकडच्या नोंदी गाठायच्या, एवढंच. स्प्रेडशीटनं क्रमांकाच्या आघाडीचं शून्य खाल्लंय का, ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल, ते आधी बघायचं. पायथॉनमधल्या, फायली ताडणाऱ्या फाइलसीएमपीवर आंधळा विश्वास टाकू नये. फाइलचा आकार आणि बदलल्याची वेळ जुळली, की ते आत न डोकावताच 'सारख्या' म्हणून मोकळं होतं, तसं करू नकोस असं सांगावं लागतं.

क्रमांकच नसतील आणि नावांवर भागवायचं असेल, तर मात्र खरी कसोटी. 'सुनील' आणि 'सुनिल' यांचं गुणोत्तर ०.८. 'सुनील' आणि 'सुशील' यांचंही ०.८. पहिल्या जोडीत बहुधा एकच माणूस आहे, दुसऱ्या जोडीत उघड दोन. अक्षरं तोडून पाहिलं तरी दोन्हींचं उत्तर ०.६७च येतं. मर्यादा कितीही वरखाली केली तरी हा गुंता सुटत नाही. तुलनाप्रतीत ह्रस्वदीर्घ एक धरलं की झटक्यात सुटतो: पहिली जोडी जुळते, सुशील वेगळा राहतो. हाच नियम उचलून गाथेला लावला तर 'दिन' आणि 'दीन' एक होतील, आणि ज्यानं तो लावला त्याला याचा पत्ताही लागणार नाही.

म्हणून प्रकाशकांना, पतपेढ्यांना आणि अभ्यासकांना एकच विनंती. तुलनेचा अहवाल मागाल तेव्हा पहिल्या पानावर नियमांची यादी मागा: काय एक धरलं, काय वगळलं, एकक कोणतं घेतलं, मूळ फाइल कुठे ठेवली आहे. ते पान नसेल तर अहवाल तसाच परत पाठवा. मी केलेला असला तरी.